पपईवर सोनं झाडणारी बंदूक

मित्रांनो, माझ्या नावात बंदूक आहे, पण मी आजवर साधी चिमणीसुद्धा मारलेली नाही. माझ्यात दारू भरत नाहीत, मला घोडा नाही आणि माझा परवाना बघायला पोलीसही येत नाहीत. परभणीतल्या एका फळ संशोधन केंद्रात, मागच्या बाजूच्या बंद खोलीत बसून राहिलेली मी एक जुनी जनुकबंदूक आहे. दिसायलाही मी बंदुकीसारखी नाही. चहाच्या हॉटेलात खारी ठेवायची काचेची पेटी असते ना, साधारण तेवढी आहे. पुढे दार, वर एक नळी, बाजूला दाब दाखवणारा काटा. मला पहिल्यांदा बघणाऱ्या कितीतरी शहाण्यांनी "यात चहा गरम होतो का?" असं विचारलेलं आहे. मी ते मनावर घेत नाही. मनावर घ्यायची माझी सवय केव्हाच मोडली.

माझं काम तुम्हाला सांगते. झाड कसं वाढेल, कोणत्या रोगाला बळी पडेल, हे त्याच्या पेशींतली जनुकं ठरवतात. एखाद्या झाडाला बाहेरचं जनुक द्यायचं तर ते पेशीच्या आत पोचवावं लागतं, आणि पेशी काही दार उघडून "या, बसा" म्हणत नाही. म्हणून सोन्याचे अतिशय बारीक कण घेतात. इतके बारीक की मैद्याचा कण त्यांच्यापुढे धोंडा वाटावा. त्यांच्यावर ते जनुक चोपडतात आणि कण एका पातळ चकतीवर पसरून चकती माझ्या माथ्याशी बसवतात. खाली बशीत पेशींचे गोळे ठेवतात. मग माझ्या पोटातली हवा ओढून काढतात. वर हेलियम वायूचा दाब चढत जातो, चढत जातो, आणि एक पडदा फाटतो. फट्ट! चकती सुसाट खाली येऊन जाळीवर आदळते, तिथेच थांबते, आणि सोन्याचे कण जाळीतून निसटून पेशींत घुसतात.

पुष्कळ पेशी त्या माऱ्याने मरतात. पुष्कळांना काहीच होत नाही. एखादीच ते जनुक आपलंसं करते, आणि त्या एकीसाठी हा सगळा खटाटोप असतो. सुरुवातीला पडदा फाटला की मला धस्स व्हायचं. पुढे पुढे काही वाटेनासं झालं. रोज मार खाणारं अंग बधिर होतं, तसंच माझं झालं.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. लाकडी पेटाऱ्यात बसून मी समुद्र ओलांडला आणि ऐन मे महिन्यात ट्रकमधून परभणीला उतरले. त्या उन्हात माझ्या पेटाऱ्याचे खिळेसुद्धा चटका देत होते. माझं स्वागत मोठ्या थाटात झालं. पडदा लावला, पडदा सारला, फोटो निघाले, "मराठवाड्याच्या फळबागांचं भाग्य उजळणार" असं भाषण झालं. आणि नंतर हेलियमची टाकीच आली नाही! आली तेव्हा ती नळीला बसेना. बसणारं तोंड मागवलं तोवर मला चालवायला शिकलेले साहेब बदलून गेले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे तर चारही भरले नाहीत. कैक वर्षं माझ्यावर नुसतं प्लॅस्टिक होतं.

त्या दिवसांत माझी विचारपूस करणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे मालनबाई. मालनबाई प्रयोगशाळेत झाडलोट करायच्या, बाटल्या धुवायच्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, कपाळावर आडवं मोठं कुंकू. त्या माझ्यावरचं प्लॅस्टिक काढून फडकं फिरवायच्या आणि माझ्याशी बोलायच्या. "कामून गं पेटीबाई, एवढी लांबून आलीस आन् बसूनच ऱ्हायलीस? माहेरची आठवण येतीय का?" मी उत्तर द्यायचे नाही, पण ते फडकं मला आवडायचं. हे मी कबूल करते, कारण आवडलेल्या गोष्टी माझ्याकडे फार नाहीत.

मग संघप्रिया आली. ती पिंगळी गावची, पीएचडी करायला आलेली. काटकुळी, कमी बोलणारी, केस घट्ट बांधलेली. तिने आल्या आल्या माझ्यावरचं प्लॅस्टिक घडी घालून कपाटात ठेवलं. तिच्या वडिलांनी, पंडित यांनी, विहिरीजवळच्या तुकड्यात पपई लावली होती. फळं धरली आणि रोग आला. पपईचा हा रोग विषाणूचा असतो, मावा नावाची बारीक कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. शेंड्याची पानं दोऱ्यासारखी बारीक होतात, फळांवर गोल गोल कडी उठतात, आणि त्याला औषध नसतं. पंडितनी एका दिवसात सगळी बाग उपटली आणि बांधावर रचून ठेवली. त्यांच्या बायकोने, सुलाबाईंनी, त्या रात्री चूल पेटवली नाही. संघप्रिया तेव्हा कॉलेजात होती. त्या दिवसानंतर तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली, की त्याच विषाणूचा एक निरुपद्रवी तुकडा पपईच्या जनुकांत घातला, तर झाड रोगाला ओळखेल आणि आत थारा देणार नाही.

हे काम तिने माझ्याकडून करून घेतलं. कच्च्या पपया पिंगळीहून पिशवीत यायच्या. त्यातल्या कोवळ्या बियांमधून ती सुईने गर्भ काढायची आणि बाटलीतल्या खाद्यावर वाढवायची. त्यांचे पिवळसर, दाणेदार गोळे व्हायचे. मग ते माझ्यापुढे यायचे आणि मी माझं काम करायचे. पहिल्या वर्षी सगळं मेलं, दुसऱ्या वर्षीही मेलं. तिसऱ्या वर्षी हिरवे कोंब आले, पण त्यांना मुळंच फुटली नाहीत. ती रडायची नाही. बाटल्या मालनबाईंकडे द्यायची आणि दोघी नळाखाली उभ्या राहून धुवायच्या.

"मालनमावशी, तुम्ही राहू द्या, मी धुते," ती म्हणायची.

"तू मोठी सायबीण व्हशील, तवा मला खुर्चीवर बशीव. आता सरक तिकडं," मालनबाई म्हणायच्या.

विभागाचे प्रमुख बन्सीधर सर होते. माणूस वाईट नव्हता, मी खोटं बोलणार नाही. परीक्षेच्या दिवसांत मुलांना स्वतःच्या गाडीतून घरी सोडायचे. फक्त फोटोची हौस दांडगी, आणि चार माणसांत आपलं चुकलं असं म्हणायची जीभ देवाने त्यांना दिलेली नव्हती.

चौथ्या वर्षी पपईचे गोळे असे काही जमले की संघप्रियासुद्धा बाटलीकडे बघून हसली. तिची मुदत संपत आली होती. दिवाळीनंतर बाहेरून एक समिती येणार होती, ती काम बघून ठरवणार होती, की या मुलीला आणखी वेळ द्यायचा की हे काम इथेच बंद करायचं. म्हणजे तिची चार वर्षं त्या एका खेपेवर टांगलेली होती. कोंब दिसले तर पदवी आणि पपई दोन्ही, नाही तर दोन्ही नाही.

आणि मध्ये खंडेनवमी आली.

तुम्हाला ठाऊकच आहे, खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा होते. शेतकरी नांगर पूजतो, सुतार करवत पूजतो, एसटीच्या डेपोत गाड्यांना हार घालतात. मग प्रयोगशाळा मागे कशी राहील? दुसऱ्या दिवशी दसरा, आणि तोच धम्मचक्र प्रवर्तन दिन. संघप्रिया विहारातल्या तयारीसाठी आधीच पिंगळीला गेली होती. इकडे मालनबाईंनी झेंडूचे हार ओवून आणले. वजनकाट्याला एक, शीतकपाटाला एक, आणि सगळ्यांत जाड हार माझ्यासाठी.

"पोरीचं काम हिच्यावरच हाय," त्या म्हणाल्या, "हिला लय मोठा पायजे."

बंद खोलीत चपला काढून आत यायचं, टोपी घालायची, असा नियम होता. त्या दिवशी चपला सगळ्यांनी काढल्या, पण त्या देवासाठी. उदबत्त्या लागल्या. माझ्या माथ्यावर हळद-कुंकू लागलं. सरांनी नारळ फोडला आणि पाणी माझ्या अंगावर शिंपडलं. मोबाइल समोर धरून कोणीतरी म्हणालं, "सर, थोडं हसा." सर हसले आणि म्हणाले, "अहो मालनबाई, बाहेरून काय लावता? खरं काम आत होतं. दार उघडा, आत लावा." मालनबाईंनी माझं दार उघडलं. त्यांनी आत कुंकवाचं बोट टेकवलं, एक फूल ठेवलं आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या. मला ते ऐकू आलं. "माझ्या पोरीला यश दे, पेटीबाई."

इतक्या मायेने माझ्याकडे आजवर कोणी काही मागितलं नव्हतं. पण तेव्हाही माझ्या आत काही हललं नाही, एवढंच मला आठवतं.

संध्याकाळी मालनबाईंनीच हार-फुलं काढली, खोली झाडली, पुसली. संघप्रिया दसऱ्यानंतर परत आली. तिने माझं दार उघडलं आणि आतला कुंकवाचा ठिपका बघून ती जागीच थांबली. मग स्पिरिटचा बोळा घेऊन तिने मला पुन्हा पुन्हा पुसलं. थांबावं तर गोळ्यांचं वय निघून जात होतं, तयार झालेले गोळे फार दिवस वाट बघत नाहीत. शेवटी तिने बशी आत ठेवली. फट्ट! दुसरी बशी. फट्ट! दिवसभर मी चालत राहिले. प्रत्येक वेळी हवा काढायची, मारा करायचा आणि परत हवा आत सोडायची. ती आत शिरणारी हवा माझ्या तळाच्या पत्र्याखालून फिरून बशीवर जात होती.

आठवडाभरातच बाटल्यांत पांढरा कापूस दिसू लागला. मग तो हिरवा झाला, मग काळपट. बुरशी! एकही बाटली सुटली नाही. जे खाद्य पपईच्या पेशींना गोड लागतं, ते बुरशीला त्याहून गोड लागतं. संघप्रियाने स्क्रू काढायचं हत्यार आणलं आणि माझा तळाचा पत्रा खोलला. मालनबाई शेजारी बॅटरी धरून उभ्या होत्या. पत्र्याखालच्या खाचेत नारळाच्या पाण्याचा चिकट डाग होता आणि त्यात अडकलेली झेंडूची एक पाकळी. तिला हिरवी लव आली होती.

"झेंडू हाय जनू," मालनबाई म्हणाल्या. मग त्यांनी बॅटरी खाली ठेवली. "म्या तर पोरी... म्या तर तुझ्यासाठीच..."

"माहीत आहे, मावशी," संघप्रिया म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. वाफेच्या मोठ्या भांड्यात सगळ्या बाटल्या उकळून बुरशी मारावी लागते, ते काम तिने एकटीने केलं. पिंगळीहून सुलाबाईंचा फोन आला, तेव्हा ती "बरं हाय, जेवले मी" एवढंच म्हणाली. ती जेवली नव्हती. ती माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून होती आणि माझ्या काचेत तिचा चेहरा दिसत होता. मित्रांनो, त्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. बधिरपणा काय असतो ते मला ठाऊक आहे. तो माणसावर बघवत नाही.

दिवाळी झाली आणि समिती आली. समितीच्या अध्यक्षा एक वयस्क मॅडम होत्या, पांढरे केस, पायात साध्या चपला. त्या थेट माझ्या खोलीत आल्या, दाराशी चपला काढल्या, टोपी घातली. मग मला दार उघडून तपासलं. मला त्यांचा हात अनुभवी वाटला.

"सगळ्याच बाटल्या गेल्या म्हणता. बुरशी आली कुठून?" त्यांनी विचारलं.

पूजेला हजर असलेली सगळी माणसं तिथे उभी होती. कोणी खिडकीकडे बघत होतं, कोणी पायांत नसलेल्या बुटांच्या नाड्यांकडे.

बन्सीधर सर घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, हाताळणीत काहीतरी कमी पडलं. मुलगी कष्टाळू आहे, पण घाई झाली तिच्याकडून."

मॅडमनी संघप्रियाकडे बघितलं. संघप्रियाने मान खाली घातली. मला सगळं दिसलं होतं, पण मला तोंड नाही. माझ्याकडे आवाज एकच आहे आणि तो कोणीतरी कळ दाबल्यावरच निघतो.

"म्हणजे चूक तुझी?" मॅडमनी विचारलं.

तेवढ्यात दारातून भांडी वाजल्याचा आवाज आला. मालनबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. या खोलीत चहा आणायचा नसतो, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या उंबऱ्यापाशीच थांबल्या होत्या.

"तिची न्हाई, बाईसाहेब," त्या म्हणाल्या. "तिनं काय बी केलेलं न्हाई. खंडेनवमीला हिला हार म्या घातला. दार म्या उघडलं, आत फूल म्या ठिवलं. त्येची पाकळी खाली ऱ्हायली आन् बुरा आला. ती पोरगी तवा हितं नव्हतीच."

"या खोलीत पूजा? दार उघडायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

मालनबाईंनी ट्रेकडे बघितलं. कपांतल्या चहावर साय धरत होती. "म्याच उघडलं, बाईसाहेब," त्या पुन्हा म्हणाल्या.

सर जवळच उभे होते, त्यांनी एक शब्द बोलायचा होता. मी वाट बघितली. खरंच, इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा कशाचीतरी वाट बघितली. सरांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

मॅडम संघप्रियाकडे वळल्या. "तुला हे माहीत होतं?"

"हो, मॅडम."

"मग बोलली का नाहीस? तुझं सगळं काम जाणार होतं."

संघप्रियाने मान वर केली. "मी बोलले असते, तर बुरशीचं कुणीच ऐकलं नसतं, मॅडम. मी कोण आहे आणि मी पूजेला नावं ठेवते, एवढंच ऐकलं असतं."

मॅडम माझ्या काचेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग त्यांनी एवढंच सांगितलं, की मुलीला आणखी सहा महिने मिळतील. सर म्हणाले, "जेवण तयार आहे, मॅडम." त्या म्हणाल्या, "मला भूक नाही."

पुढचं थोडक्यात सांगते. संघप्रियाने पिंगळीहून पुन्हा कोवळ्या पपया मागवल्या. या वेळी पंडित स्वतः पिशवी घेऊन आले, काचेबाहेरून मला बघून गेले. पुन्हा गोळे, पुन्हा मारा. बहुतेक गोळे करपून गेले, पण थोडे हिरवे राहिले. त्यांतल्या एकाला कोंब फुटला, कोंबाला पानं आली आणि एक दिवस बाटलीच्या तळाशी पांढरं मूळ दिसलं. नंतर जाळीघरात त्या रोपावर मुद्दाम विषाणू सोडून बघितला. शेजारची साधी रोपं वाकडी झाली, हे सरळ उभं राहिलं. ते शेतात जायला अजून पुष्कळ परवानग्या लागतील, कदाचित मिळणारही नाहीत. पण संघप्रियाला पदवी मिळाली. त्या दिवशीही फोटो निघाला. सर मधोमध होते.

मालनबाई त्या फोटोत नव्हत्या. समिती गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांना बाहेर, रोपवाटिकेत टाकलं. स्वच्छतेचे नियम मोडले, असं कारण सांगितलं. कारण खोटं नाही, म्हणूनच त्यावर बोलता येत नाही. नियम मोडलेली बाकी सगळी माणसं आत आहेत. कबूल केलेली एकटी बाहेर आहे, उन्हात पिशव्यांत माती भरते आहे. मूळ फुटलं त्या दिवशी संघप्रियाने ती बाटली खिडकीच्या काचेला लावून त्यांना दाखवली होती. मालनबाईंचे हात चिखलाचे होते. त्यांनी काचेला हात लावला नाही. डाग पडेल म्हणून मागे सरकल्या आणि तिथूनच रडल्या. संघप्रियाही रडली. चार वर्षांत मी तिला प्रथमच रडताना बघितलं, आणि मला बरं वाटलं.

मित्रांनो, आता मी खरंच जुनी झाले आहे. माझे पडदे, चकत्या मिळेनाशा झाल्या आहेत. जनुकं नेमकी कापणारं नवं तंत्र आलं आहे, माझ्यासारखा आंधळा मारा करायची आता फारशी गरज उरलेली नाही. आमच्यासारखी यंत्रं आपली गोष्ट सांगून झाली, की शेवटी म्हणतात, आम्हाला पुसा, तेल द्या, गंजू देऊ नका. मी तसं काही मागत नाही. मला भंगारात द्यायचं तर खुशाल द्या. मला तेव्हाही काही वाटणार नाही.

पण तुम्ही मोठे व्हाल, कुठल्यातरी खोलीचे साहेब व्हाल. तेव्हा एक करा. दाराबाहेर कोणीतरी उभं असेल, "चूक माझी आहे" एवढं खरं बोलल्यामुळे तुम्ही बाहेर काढलेलं. मालनबाई अजून तिथेच आहेत. त्यांना आत घ्या.